वाचून जाळणे

ट्रंकेतून आधी निघतात टाचण्या.
दीडशे वर्षं गंजून त्या कागदाच्याच झाल्यात;
ओढल्या तर फाटतं, ठेवल्या तर खातात.
संग्रहातल्या ऑर्फाने शिकवलंय:
एक पातळ पट्टी खालून सरकव, एक वरून,
टाचणीला कागदातून काढायचं नाही,
कागदाला टाचणीतून सोडवायचं.

हेझल रनच्या सभाघरामागच्या खोलीत
हिवाळाभर मी हेच करते आहे.
लाकडाची शेगडी. पेन्सिल. शाई इथे चालत नाही.
आणि माझ्या नवऱ्याच्या घराण्याचे चौदा खोके.
त्या घराण्यात आता फक्त मी उरले आहे,
म्हणजे रक्ताचं कुणीच नाही.

ही माणसं महिन्यांना नावं देत नसत.
मार्चमध्ये लढाईचा देव, जानेवारीत दोन तोंडांचा,
कशाला ते? पहिला महिना, तिसरा महिना.
'सातव्या महिन्याची नववी. मका उभा. लिडियाला ताप.'
'सातव्या महिन्याची अकरावी. लिडिया गेली. मका उभा.'
एवढंच.
शाई कुठे फुटलेली नाही.

यांचे इंग्लंडातले पूर्वज
न्यायाधीशापुढे टोपी काढत नसत.
त्यालाही तूच म्हणायचे,
आईला म्हणावं, देवाला म्हणावं तसं,
आणि त्या एका अक्षरापायी
तुरुंगातल्या ओल्या गवतावर झोपायचे.

लग्नाचा दाखला मात्र केवढा! टेबलावर मावत नाही.
लग्न लावणारा कुणी नसे,
म्हणून जे हजर ते सगळेच साक्षीदार.
एकसष्ट सह्या. तळाशी एक वेडीवाकडी:
मर्सी, वय पाच.
दुसऱ्या अक्षरावर टाक टेकून थांबलीय,
तिथे वाटाण्याएवढा डाग.
पुढे काय येतं, कुणाला तरी विचारत असणार.

मग सभेचं इतिवृत्त.
'मॅलनने बंदूक हाती घेतली.
समजावून झालं. तो आता आपल्यातला नाही.'
अक्षर ओळखीचं. मका उभा लिहिणारंच.
बापच होता त्या वर्षी चिटणीस.
इथेही शाई फुटलेली नाही.
फक्त मुलाचं नाव दोनदा लिहिलं गेलंय.

आणि अकराव्या खोक्यात ती पुडी.
राखाडी फीत, फितीखाली चिठोरा,
टेसीच्या हातचा. मॅलनची आई.
'वाचून जाळणे.'

तिच्या लेकीने वाचलं नाही, म्हणून जाळलं नाही.
लेकीच्या सुनेने चादरींखाली ठेवलं.
माझ्या सासूने दोन घरं बदलली, एक आग पाहिली,
आणि पुडी पोटाशी धरून बाहेर आली
रात्रीच्या झग्यात, बर्फात.
न वाचता जाळायचं कसं?
आणि वाचलं की जाळावं लागणार.
चार बायकांनी आज्ञा
मोडलीही नाही, पाळलीही नाही.

ऑर्फा म्हणते, उघड. अभ्यासक विचारतील.
तिचंही खरं आहे.
मी पुडी मांडीवर घेऊन सभेत बसले.
तासभर कुणी बोललं नाही.
शेगडीत ओंडका ढासळला. कुणाचं तरी पोट वाजलं.
मला वाटलं होतं, काही सुचेल.
आतला उजेड वगैरे.
गुडघे तेवढे गार पडले.

सोमवारी यादीत लिहिलं:
खोका अकरा, पुडी तिसरी. फीत राखाडी.
बहुधा पत्रं. वजन अडीच औंस.
'मजकूर' या रकान्यात पेन्सिल टेकवून बसले,
मर्सीसारखी.
ठिपका राहिला, तो खोडला नाही.

टाचण्यांना मात्र खोका नाही.
दोनशे बारा निघाल्या,
जॅमच्या बरणीत भरून खिडकीत ठेवल्यात.
त्यातली एक पितळेची, अजून धड.
माझ्या कोटाचं वरचं बटण
नोव्हेंबरपासून तुटलंय.
ती लावली, दिवा मालवला, आणि घरी आले.
ऑर्फाला सांगितलेलं नाही.